उसन्या जागेचा हिशेब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, आजच्या विषयाचे पूर्ण नाव पहिल्याच वाक्यात सांगितले, तर तुमच्यापैकी काही जण रेडिओचा कान पिळून गाण्यांकडे वळतील. म्हणून ते नाव थोडे मागे ठेवतो आणि एका शब्दापासून सुरुवात करतो. शब्द आहे 'मेमरी लीक'. मराठीत म्हणायचे तर 'स्मृतीची गळती'.

हा शब्द ऐकून कोणालाही वाटेल, उतारवयात माणसाला विसर पडतो तसेच संगणकाचेही होत असावे. प्रकार जरा वेगळा आहे. संगणकाच्या व्यवहारात मेमरी म्हणजे चालू कामासाठी लागणारी तात्पुरती जागा. एखाद्या आज्ञावलीला काम करायचे असले की ती जागा मागते. जागा मिळते, काम होते, आणि काम संपले की जागा परत करायची असते. ही परतफेड राहून गेली की तिला मेमरी लीक म्हणतात. फुटक्या नळाचे पाणी बाहेर वाहून जाते. इथे बाहेर काहीच जात नाही. जागा असते तिथेच असते. वहीत ती 'दिली' म्हणून मांडलेली असते, पण ज्याने घेतली त्याच्यापाशी तिचा पत्ता उरलेला नसतो. घेणारा पत्ता हरवून बसलेला आणि देणारा वाट पाहत बसलेला. 'गळती'पेक्षा 'बेवारस' हा शब्द मला इथे जास्त खरा वाटतो.

आता तुम्ही विचाराल, हा कवितेचा माणूस, मराठी घेऊन बी. ए. झालेला, याचा या भानगडीशी संबंध काय? संबंध घरचाच आहे. माझा भाचा पुण्यात हेच काम करतो. संगणकाच्या गाभ्यातल्या नेटवर्क ड्रायव्हरमधल्या मेमरीच्या गळत्या शोधायच्या आणि बुजवायच्या. झाले, विषयाचे नाव सांगून टाकले! त्याच्याकडून जे ऐकले आणि या विषयावर सर्वांसाठी खुले असलेले जे वाचले, त्यातून मला एक गोष्ट उमगली. ती संगणकापुरती नाही असे वाटले, म्हणून आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी गाभा म्हणजे काय ते पाहू. त्याला 'कर्नल' म्हणतात. पलटणीतल्या कर्नलसाहेबांचा याच्याशी संबंध नाही. बदामाच्या कवचात असते ती बी, त्या अर्थाचा हा शब्द आहे. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने असा एक गाभा लिहायला घेतला. त्याचे नाव लिनक्स. त्याची संहिता कोणालाही वाचता येते, आणि दुरुस्ती सुचवायलाही सहसा कोणाला बंदी नसते. तुमच्या खिशातला फोन अँड्रॉइडचा असेल, तर त्याच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांची यादी वर्षातून दोनदा निघते. २०१७ च्या नोव्हेंबरपासून त्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. घरातल्या भिंतीवर लुकलुकणाऱ्या इंटरनेटच्या कितीतरी डब्यांतही तोच असतो.

या गाभ्याचे एक मोठे काम म्हणजे जागेचे वाटप. आणि यंत्राला जोडलेल्या प्रत्येक वस्तूशी त्या वस्तूच्या भाषेत बोलण्यासाठी गाभ्याजवळ एकेक दुभाष्या असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. कळफलकाचा वेगळा, छपाईयंत्राचा वेगळा. जो तारेतून किंवा हवेतून येणारी-जाणारी माहिती हाताळतो, तो नेटवर्क ड्रायव्हर. लिनक्सच्या संहितेचा निम्म्याहून अधिक भाग अशा ड्रायव्हरांनीच व्यापलेला आहे. २००१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी गाभ्यातल्या चुकांची पाहणी केली, तेव्हा ड्रायव्हरांमधले चुकांचे प्रमाण इतर भागांच्या तीन ते सातपट भरले. दुभाष्ये पुष्कळ, प्रत्येकाची भाषा निराळी, आणि सगळी यंत्रे एकाच्या टेबलावर तपासायला मिळत नाहीत. मग दुसरे काय होणार?

साध्या आज्ञावलीत गळती झाली तर तिला एक उतारा आहे. ती आज्ञावली बंद केली की तिने घेतलेली सगळी जागा गाभा काढून घेतो. भाडेकरू निघून गेला, खोली मालकाच्या ताब्यात आली. पण खुद्द गाभ्यातच जागा अडकली तर? त्याच्या वर कोणी मालक नाही. तिथे बेवारस झालेली जागा यंत्र बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत तशीच अडकून राहते.

आणि नेटवर्कच्या ड्रायव्हरला जागा सारखी लागते. इंटरनेटवरून जाणारी प्रत्येक गोष्ट, मग ते पत्र असो, चित्र असो की गाणे, लहान लहान पुडक्यांत बांधून पाठवली जाते. त्यांना पॅकेट म्हणतात. नेहमीच्या तारेवरच्या एका पॅकेटात १५०० बाइटांपर्यंत माहिती मावते. आजूबाजूची नोंद धरून, हिशेबाला सोपे म्हणून एका पॅकेटाला २ किलोबाइट जागा लागते असे समजू. आता दर सेकंदाला असे एकच पॅकेट बेवारस होत असेल, तर दिवसाला सुमारे १७० मेगाबाइट जागा अडकते. ५१२ मेगाबाइट मेमरीचा लहानसा डबा तीन दिवसांत तुंबेल. हे निदान लक्षात तरी येते. पण मिनिटाला एकच पॅकेट राहून जात असेल, तर दिवसाला जेमतेम पावणेतीन मेगाबाइट. तोच डबा तुंबायला सहा महिने लागतील. कारखान्यात तपासणी करणारा माणूस सहा महिने वाट पाहत बसत नाही. डबा तपासणीत उत्तम ठरतो, गावोगाव जातो आणि कुठल्याशा पावसाळी रात्री मान टाकतो.

मग हे दुरुस्त करणे इतके कठीण का? घेतलेली जागा परत करा, एवढेच तर आहे. हे समजण्यासाठी मी भाच्याला लग्नघरातला दाखला दिला होता, आणि तो म्हणाला, "मामू, हेच, अगदी हेच!" म्हणून तोच तुम्हाला सांगतो.

आमच्याकडे गावोगावच्या जमातींची स्वतःची भांडी असतात. देगा, पातेली, पराती, मोठे डाव. तुमच्या गावात ती देवळाची असतील किंवा एखाद्या मंडळाची. लग्नघरचा माणूस येतो, वहीत लिहून भांडी नेतो, आणि कार्य पार पडले की घासून, मोजून परत आणून देतो. कार्य पार पडले तर भांडी सहसा राहत नाहीत, कारण 'लग्न झाल्यावर करायची कामे' या यादीत भांडी परत करणे हे कलम असतेच.

पण समजा, भांडी आणली, मांडव घातला, आणि मग कळले की जनरेटर मिळत नाही, किंवा नवरदेवाकडे कोणी गेले. लग्न पुढे ढकलले. आता काय होते? मांडववाला आपला मांडव सोडून नेतो, कारण तो स्वतः येतो. घरातले लोक निरोप पोचवण्याच्या धावपळीत असतात. आणि भांडी परसात ताडपत्रीखाली पडून राहतात, कारण ती परत करण्याचे कलम लग्नानंतरच्या यादीत होते, आणि लग्न तर झालेच नाही! पुढच्या महिन्यात दुसऱ्या घरी कार्य निघते. वही सांगते, देगा दिलेल्या आहेत. कोणाकडे, ते सांगणारा गावात नाही. देगा चोरीला गेल्या नाहीत, फुटल्याही नाहीत. पण गावाला त्या आता नाहीतच.

ड्रायव्हरमधल्या बहुतेक गळत्या अशाच असतात. यंत्र सुरू होताना ड्रायव्हर एकामागून एक गोष्टी मागून घेतो. आपल्या नोंदींसाठी जागा, येणाऱ्या पॅकेटांच्या रांगेसाठी जागा, जाणाऱ्यांच्या रांगेसाठी जागा, मग कार्डाची नोंदणी. सगळे यथासांग झाले तर उत्तम. चौथी पायरी फसली, तर आधीच्या तिन्ही गोष्टी उलट्या क्रमाने परत कराव्या लागतात. तिसरी आधी, मग दुसरी, मग पहिली. जिना चढताना जितक्या पायऱ्या चढलो, तितक्याच उतरायच्या. एक कमी नाही, एक जास्त नाही.

याच कामासाठी कर्नल लिहिणाऱ्यांनी एक जुनी, बदनाम आज्ञा जवळ केली आहे. तिचे नाव 'गोटू', म्हणजे 'अमक्या ओळीवर जा'. १९६८ साली डच शास्त्रज्ञ एड्स्गर डायक्स्ट्रा यांनी या आज्ञेविरुद्ध एक पत्र प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून संगणकाच्या वर्गात तिचे नाव घेणेही असभ्य मानले गेले. पण कर्नलच्या लेखनशैलीची जी मार्गदर्शिका आहे, तिच्यात परतीच्या वाटेसाठी 'गोटू' वापरायला खुशाल मुभा आहे. परतफेडीच्या ओळी शेवटी जिन्यासारख्या एकाखाली एक लिहून ठेवायच्या, आणि ज्या पायरीवर काम फसले तिथून नेमक्या ओळीवर उडी मारून खाली उतरत यायचे. चूक होते ती अशी. चार वर्षांनी दुसरा कोणीतरी मध्येच एक नवी पायरी घालतो. ती फसली तर काय, असा प्रश्न आला की जिन्याकडे न जाता 'इथूनच परत फिरा' असे लिहून मोकळा होतो. नवी पायरी शंभरातून नव्व्याण्णव वेळा फसत नाही, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. शंभराव्या वेळी देगा परसात राहतात.

दुसरा प्रकार ताब्याचा आहे. गाभा ड्रायव्हरच्या हाती पॅकेट देतो आणि म्हणतो, हे रवाना कर. ड्रायव्हरला उत्तर द्यावे लागते. 'घेतले' म्हटले, तर पॅकेट त्याच्या ताब्यात गेले. मग ते रवाना होवो की फाडून टाकावे लागो, त्याची जागा मोकळी करण्याची जबाबदारी ड्रायव्हरची. 'आता सवड नाही' म्हटले, तर पॅकेट गाभ्याचेच राहिले. त्याला ड्रायव्हरने हात लावायचा नाही. नियम लख्ख आहे. घोटाळा होतो तो असा: ड्रायव्हर पाठवण्याची तयारी करतो, तयारी फसते, आणि तरीही तो 'घेतले' असे सांगून मोकळा होतो. पॅकेट ना गेले, ना फाडले. गाभ्याला वाटते ते ड्रायव्हरकडे आहे, आणि ड्रायव्हर पुढच्या कामाला लागलेला. २०२४ च्या ऑक्टोबरात 'सिस्टमपोर्ट' नावाच्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये नेमकी हीच चूक सापडली. त्याच सुमारास आणखी काही ड्रायव्हरांतही तशीच निघाली. दुरुस्ती काय? फसलेल्या वाटेवर पॅकेटाची जागा मोकळी करणारी एक आज्ञा.

आमच्या घरी लहानपणापासून एक शब्द कानावर पडत आला: अमानत. दुसऱ्याची वस्तू आपल्या हाती आली की ती अमानत. ती वापरली की पडून राहिली, आपले काम झाले की फसले, याने तिच्या परतीत फरक पडत नाही. मला वाटते, ड्रायव्हरचा तो नियम याहून वेगळे काही सांगत नाही.

आता कोणी म्हणेल, चार पॅकेटे अडकली तर एवढे काय बिघडले? बिघडते ते असे. मेमरी संपत आली की लिनक्सचा गाभा शेवटचा उपाय म्हणून चालू आज्ञावल्यांपैकी एकीला ठार करतो. निवड मुख्यतः एका कसोटीवर होते: सर्वांत जास्त जागा कोणी धरली आहे? ड्रायव्हर गाभ्याचाच भाग, त्याला तर मारता येत नाही. मग पाळी येते ती जास्त जागा घेऊन इमानाने काम करणाऱ्या एखाद्या बड्या आज्ञावलीची. म्हणजे रुग्णालयाच्या नोंदी किंवा दुकानाचा हिशेब सांभाळणारी आज्ञावली बंद पडते, आणि नोंदवहीत मयत म्हणून तिचे नाव लागते. ज्याने देगा अडवल्या तो मोकळाच. अपराध एकाचा आणि शिक्षा भलत्यालाच, हे आपल्याला माणसांच्या जगात ठाऊक आहे. यंत्रातही ते आहे.

फसलेल्या वाटेवरची गळती किती महागात पडते, याचे एक उदाहरण २०१२ च्या २२ ऑक्टोबरचे आहे. ते गाभ्यातले नाही, साध्या आज्ञावलीतले आहे, पण जात तीच. अॅमेझॉनच्या अमेरिकेतल्या संगणककेंद्रात माहिती गोळा करणारा एक संगणक बिघडला म्हणून बदलला गेला. त्याचा नवा पत्ता काही यंत्रांपर्यंत पोचला नाही. त्या यंत्रांवरची एक किरकोळ आज्ञावली जुन्या पत्त्यावर पुन्हा पुन्हा हाका मारत राहिली, आणि त्या फुकट हाकांपायी मेमरी हळूहळू अडकत गेली. शेवटी साठवणुकीची यंत्रेच मेमरीवाचून अडली आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली अनेक संकेतस्थळे काही तास ठप्प झाली. नवा पत्ता सगळीकडे पोचला असता, तर ती गळती तशीच झोपून राहिली असती. पत्र पोचत होते तोवर सगळे ठीक होते. पत्र पोचले नाही तर काय करायचे, हे लिहिताना कोणी नीट पाहिले नव्हते.

आपल्याकडे या सगळ्यावर एक रामबाण सांगतात: "बंद करून चालू करा." बँकेत, तिकिटाच्या खिडकीवर, घरी, सगळीकडे हेच ऐकू येते. मी भाच्याला विचारले, "अरे, हे इतके सोपे आहे तर तुम्ही रात्र रात्र काय करता?"

तो म्हणाला, "मामू, बंद करून चालू केलं की जागा मोकळी होते, हे खरं. पण पुरावाही जातो. तुम्ही दर महिन्याला जमातीची वहीच फाडून नवी घेतली, तर भांडी कुणाकडे राहिली ते कधी कळणार?"

मला त्याचे म्हणणे पटले. शिवाय काही यंत्रे अशी असतात की ती बंद करायला कोणी जवळ नसते. डोंगरावरचा मनोरा असतो, समुद्रातले जहाज असते.

मग ही माणसे शोध कसा घेतात? २००९ साली लिनक्सच्या गाभ्यात 'केमेमलीक' नावाचे एक साधन आले. ते सुरू केले की दिलेल्या प्रत्येक जागेची नोंद ठेवते. मग साधारण दर दहा मिनिटांनी सगळी मेमरी चाळते आणि पाहते, या जागेचा पत्ता कुठे तरी लिहिलेला आहे का? पत्ता सापडला, तर जागेला वाली आहे. कुठेच सापडला नाही, तर ती संशयितांच्या यादीत जाते, आणि ती कोणाच्या सांगण्यावरून कोणी मागितली होती याची साखळीही सोबत मिळते. या यादीतल्या जागांना 'अनाथ' म्हणतात. तांत्रिक कागदपत्रांत असा शब्द भेटला की मी क्षणभर थांबतो. जिचा पत्ता कोणाच्याही जवळ नाही ती अनाथ, ही व्याख्या कवीलाही सहज सुचली नसती.

या साधनाचीही मर्यादा आहे. पत्ता कुठल्या तरी विसरलेल्या यादीत पडून असेल, तर जागेला वाली आहे असेच ते समजते, मग ती यादी पुन्हा कोणी उघडो वा न उघडो. म्हणून दुसरे उपाय करावे लागतात. गूगलमध्ये तयार झालेली 'सिझबॉट' नावाची यंत्रणा २०१७ पासून गाभ्याला अहोरात्र वेड्यावाकड्या मागण्या करत असते; मध्येच जोडणी तोडते, खोटी उपकरणे जोडून काढून घेते. म्हणजे ती मुद्दाम लग्ने मोडते आणि देगा परत येतात का ते बघते! तरीही शेवटी डोळे लागतातच. ओळ न् ओळ वाचत जाणारा माणूस स्वतःला एकच प्रश्न विचारत असतो: इथे फसले तर?

आता या कामातली सर्वांत नाजूक गोष्ट. परत न करणे वाईट, पण चुकीने परत करणे त्याहून वाईट. समजा, कोणी उत्साहाच्या भरात अशी देग परत केली, जिच्यात दुसरे कोणी अजून अन्न शिजवत आहे. जमातीने ती तिसऱ्याला दिली. तिसऱ्याने तीच देग चुलीवर चढवली. एकाच भांड्यात दोघांची ढवळाढवळ. मेमरीत असे झाले की माहिती बिघडते, यंत्र कोसळते, आणि घातपात करू पाहणाऱ्याला तर हे उघडे दारच सापडते. गळतीने यंत्र दमते. चुकीच्या परतफेडीने ते शत्रूच्या हाती जाऊ शकते.

ही भीती काल्पनिक नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी खोट्या नावांनी लिनक्सकडे काही दुरुस्त्या पाठवल्या. वरवर त्या किरकोळ चुका निस्तरणाऱ्या होत्या, पण आत याच जातीचा दोष घालायची तरतूद होती. तपासणारे किती सावध आहेत हे पाहण्याचा तो प्रयोग होता, मात्र ज्यांच्यावर तो केला त्यांना विचारलेले नव्हते. गोष्ट उघड झाली. २०२१ च्या एप्रिलमध्ये लिनक्सचे एक प्रमुख व्यवस्थापक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणाऱ्या दुरुस्त्यांना मज्जाव केला, संशोधकांनी जाहीर माफी मागितली आणि आपला निबंधही मागे घेतला. त्यानंतर त्या विद्यापीठाकडून आधी आलेल्या ४३५ दुरुस्त्या पुन्हा तपासाव्या लागल्या. त्यांतल्या बहुसंख्य योग्य निघाल्या. पण तपासणाऱ्यांचे श्रम गेलेच. उसनवारीचे गाव विश्वासावर चालते, आणि विश्वास गेला की प्रत्येक देग ठोकून पाहावी लागते.

म्हणून ही एका ओळीची दुरुस्ती एका ओळीची नसते. दुरुस्ती पाठवणाऱ्याला तिच्यासोबत एक टिपण लिहावे लागते. चूक काय, ती कोणत्या वाटेवर घडते, उपाय हाच का. कोणत्या जुन्या बदलामुळे चूक शिरली, त्या बदलाच्या खुणेची पहिली बारा अक्षरेही द्यावी लागतात. यात कोणाला दोष देण्याचा हेतू नसतो. ती चूक कोणकोणत्या जुन्या आवृत्त्यांत गेली आहे ते कळावे आणि तिथेही दुरुस्ती पोचावी, म्हणून ही सोय. शेवटी स्वतःचे नाव लिहून जबाबदारी घ्यायची. अशी काही टिपणे मी भाच्याकडून समजून घेत वाचली. त्यांत एकही विशेषण नसते, आणि तरी सगळे कळते. आम्हा कवींनी अधूनमधून ती वाचायला हरकत नाही.

माणसाने प्रत्येक वेळी लक्षात ठेवायचे, यापेक्षा लक्षात ठेवावेच लागू नये अशी रचना करता येईल का? तसे प्रयत्नही चालू आहेत. २००७ पासून अशी सोय आहे की ड्रायव्हरने घेतलेल्या वस्तू त्या उपकरणाच्याच नावे मांडाव्यात. उपकरण गेले किंवा त्याची सुरुवातच फसली, की त्या आपोआप परत जातात. २०२३ साली आणखी एक सोय आली: कामाचा तो तुकडा संपला, मग कसाही संपो, की घेतलेली जागा आपसूक सुटते. २०२२ च्या डिसेंबरात लिनक्सने 'रस्ट' या नव्या भाषेला दार उघडले, आणि २०२४ साली त्या भाषेत लिहिलेला नेटवर्कचा पहिला छोटा ड्रायव्हर गाभ्यात आला. त्या भाषेत प्रत्येक जागेचा एकच मालक असतो आणि मालक गेला की जागा परत जाते. या सोयींनी गळत्या पुष्कळ कमी होतील. अजिबात होणार नाहीत असे मात्र ती माणसेही म्हणत नाहीत. जुने ड्रायव्हर हजारोंनी आहेत, आणि ते तसेच जुन्या पद्धतीने लिहिलेले आहेत.

श्रोतेहो, मला यातून उमगले ते एवढेच. कोणतेही काम आखताना ते यशस्वी होईल असे धरूनच आपण आखतो. योजना अशाच आखतो, संस्था अशाच काढतो, घरातली कार्येही तशीच मांडतो. काम तडीस गेले की आभाराचे भाषण होते, हिशेब होतो, घेतलेले परत जाते. पण अर्ध्यावर मोडलेल्या कामाचा हिशेब कोण करतो? बंद पडलेल्या वाचनालयातली पुस्तके, न निघालेल्या अंकासाठी घेतलेली वर्गणी, न झालेल्या संमेलनासाठी आणलेल्या खुर्च्या. कोणी खाल्लेल्या नसतात, कोणी लुबाडलेल्या नसतात. परतीची वाट कोणी आखलेलीच नसते, म्हणून त्या अडकून राहतात. आणि पुढचे काम काढणाऱ्याला जागा कमी पडते, तेव्हा तो काळाला दोष देतो.

ड्रायव्हर दुरुस्त करणाऱ्या या मंडळींचे नाव कुठे छापून येत नाही. गळती बुजली, तर काहीच घडत नाही. हेच त्यांचे यश. डोंगरावरच्या मनोऱ्यातला डबा सहा महिने चालतो, वर्षभर चालतो, आणि कोणाला त्याची आठवणही होत नाही. पण कुणीतरी, कुठेतरी, ज्या वाटेने फारसे कोणी जात नाही त्या वाटेवर उभे राहून विचारले होते: इथे फसले तर घेतलेले परत कोण करील? आणि मग तिथे एक ओळ लिहून ठेवली होती. आपण आपापल्या कामात ती ओळ लिहिली आहे का, एवढे पाहिले तरी पुष्कळ.